थेंबाची काळजी

मुलांनो, पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. मुळा नदीवर धरण बांधून तो निर्माण करण्यात आला. आपली घरे व शेते त्यात बुडू नयेत म्हणून तेथील शेतकऱ्यांनी १९२१ साली बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. याच लढ्यामुळे बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण मात्र झालेच. इतके मोल देऊन साठलेले पाणी स्वच्छ राखणे हे आपले कर्तव्य होय. म्हणून अशा पाण्यावर यंत्राची होडी चालविणाऱ्याने पेट्रोल भरताना विशेष दक्षता बाळगली पाहिजे.

पेट्रोल पाण्याहून हलके असते. सांडलेले पेट्रोल बुडत नाही. सप्तरंगी तवंग होऊन दूरवर पसरते. ते पुन्हा गोळा करता येत नाही. त्याची वाफ मात्र हवेहून जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि एखाद्या ठिणगीनेही भडकते.

यास्तव प्रथम होडी काठाला बांधून उतारूंना उतरवावे. यंत्र बंद करून निवू द्यावे. विडी, काडी, कंदील दूर ठेवावेत. टाकी सुटी असल्यास ती काठावर सपाट जमिनीवर नेऊन भरावी. यंत्रावरच बसविलेली असल्यास तोंडाभोवती कोरडे फडके गुंडाळावे व नरसाळ्याने सावकाश ओतावे. टाकी काठोकाठ भरू नये. कारण उन्हाने पेट्रोल प्रसरण पावते व बाहेर येते. नरसाळे पुरते निथळू द्यावे, झाकण घट्ट लावावे, आणि वास नाहीसा झाल्यावरच यंत्र सुरू करावे. चुकून काही सांडलेच, तर ते फडक्याने टिपून घ्यावे. त्यावर साबण ओतू नये. त्याने तवंग दिसेनासा होतो, पण पेट्रोल पाण्यातच मिसळते. ते फडकेही जलाशयात धुऊ नये.

मुळशीचे पाणी १९२७ पासून भिरा येथे वीज निर्माण करते व पुढे कुंडलिका नदीला मिळते. तिच्या काठीही गावे आहेत. पेट्रोल ओतणारा माणूस एकटा असतो. पण खालचे पाणी त्याच्या एकट्याचे नसते.

स्वाध्याय : टाकी काठोकाठ का भरू नये? सांडलेल्या पेट्रोलवर साबण का ओतू नये?