पुढचं डिफ्रन्शियल वेल्ड करण्याआधी

एटापल्ली तालुक्यातल्या एका नाल्याची उतरण. स्टिअरिंग मी डावीकडे पूर्ण वळवलेलं, आणि जीप सरळच चाललेली. शेजारी बसलेला भाचा ओरडला, "मामा, वळवा!" मी वळवलेलंच होतं. पुढची दोन्ही चाकं एका दमात फिरत लाल चिखलावरून घसरत होती. मग खालून कडाड आवाज आला, पुढचा भाग उजवीकडे सरकला आणि जीप नाल्याच्या कडेला कलली. भाच्याचा हात दाराच्या चौकटीत सापडून मोडला.

तेंदूपत्त्याची बोदभराई, म्हणजे पानं पोत्यांत भरणं, चालू होती आणि आभाळ भरून आलेलं. रानातल्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करून वाळवतात त्या जागी, ताडपत्र्या पोचवायच्या होत्या. घाई खरीच होती, पण अपघात घाईने झाला नाही. त्याची तयारी मी चार महिने आधी स्वतः करून ठेवली होती.

माझी जीप जुनी महिंद्रा एमएम ५४०. आदल्या पावसाळ्यात फोर बाय फोर टाकूनही ती तीनदा रुतली. दरवेळी पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगर फिरायचं आणि उरलेली दोन नुसती उभी. हवेवर चालणारं डिफ्रन्शियल लॉक बसवण्याइतके पैसे नव्हते. एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की पुढच्या डिफ्रन्शियलचे स्टार गिअर वेल्ड करून टाकू, दोन्ही चाकं एकजीव होतील. खर्च अगदी थोडा. मी हो म्हणालो. हो मी म्हटलं, म्हणून जबाबदारीही माझीच.

सुरुवातीला फार बरं वाटलं. कोरड्या नाल्यातली रेती आणि शेताचे बांध जीप सरळ चढून जायची. सरळ रेषेत लॉक कामाचंच असतं. त्याचा धोका वळणावर आणि आडव्या उतारावर कळतो.

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये सव्वा मीटरच्या आसपास अंतर असेल, तर अर्ध्या वर्तुळात हा फरक जवळजवळ ४ मीटर होतो. तो सांभाळण्यासाठीच डिफ्रन्शियल असतं. त्याची दुसरी बाजू अशी की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातल्या चाकाला १० मापं जोर पेलवत असेल, तर कोरड्यावरच्या चाकालाही १०च मिळतात. जीप रुतते ती यामुळे.

गिअर वेल्ड केले की ही अडचण जाते, पण वळण्याची सोयही जाते. पुढचीच चाकं गाडीला दिशा देतात. ती एकमेकांना बांधली की दोघं मिळून सरळ ओढतात. आडव्या उतारावर तर आणखी वाईट. एरवी एक चाक फिरत असताना दुसरं शांत उभं राहून गाडीची जागा धरून ठेवतं. दोन्ही एकदम फिरली की धरणारं कोणी उरत नाही आणि पुढचा भाग उताराकडे सरकतो. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असेल, तर चाकाजवळच्या एक्सलच्या क्रॉसवर सगळा ताण येतो. तो कडाड आवाज क्रॉस तुटल्याचा होता.

संध्याकाळी एका धान शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने जीप बाहेर काढली. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "आमी तं वळताना लॉकवरचा पाय काढून घेतो ना जी." ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लॉकचं पेडल असतं. चिखलणीत चाक फिरायला लागलं की तेवढ्यापुरतं दाबायचं, वळण्याआधी सोडायचं. मी माझ्या जीपला सोडता न येणारं लॉक लावलं होतं.

तेव्हा ज्यांच्या मनात लॉक बसवण्याचा विचार आहे, त्यांनी पैसे कोणत्या क्रमाने घालावेत ते सांगतो.

आधी टायर. वरोरा-भद्रावतीकडची काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की लॉक दोन्ही चाकं फिरवेल, पण दोन्ही गुळगुळीतच. मऊ जमिनीवर हवा कमी करा, ३० असेल तर १८-२० पर्यंत. मात्र बांबूच्या रानात कापलेले खुंट टायरची बाजू फाडतात, तिथे हवा उतरवू नका. भरायला पंप जवळ हवाच.

मग ब्रेकचा सराव. एक चाक फिरू लागलं की थोडा रेस ठेवून ब्रेक हलका दाबा. फिरणाऱ्या चाकाला ब्रेकचा अडसर मिळतो, म्हणून दुसऱ्याकडेही जोर जातो. यात गाडी बरेचदा निघते आणि खर्च शून्य. हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर असेल, तर त्याने मात्र हे साधत नाही.

त्यानंतर फावडं, मजबूत दोर, झाडाची साल न कापणारा रुंद पट्टा आणि हाताने ओढायची विंच.

एवढं झाल्यावरच लॉक, आणि तेही आधी मागे. मागची चाकं दिशा देत नाहीत, म्हणून स्टिअरिंग बरंचसं हातात राहतं. महिंद्राने २०१५ च्या थारमध्ये मागेच लॉक दिलं. फोर्स गुरखाला कंपनीतूनच पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहे, पण चालकाला हवं तेव्हा लावता-सोडता येतं असं. गाडी बदलायचीच असेल, तर अशी जुनी गाडी बघणं जास्त शहाणपणाचं. बाहेरून लॉक बसवणार असाल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

पुढे लॉक बसवलंच, तर सोडता येणारंच बसवा. गाडी थांबवून, स्टिअरिंग सरळ ठेवून लावा. अडचण संपताच सोडा. लॉक लागलेलं असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस देऊ नका.

जुनी जीप विकत घेताना पुढचं डिफ्रन्शियल वेल्ड केलेलं नाही ना, हे तपासा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, हब लॉक करा, इंजिन बंद ठेवून फोर बाय फोर आणि गिअर टाका. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर ठीक. दोन्ही जाम राहिली तर आत कुणीतरी माझ्यासारखंच काम करून ठेवलं आहे. अशी जीप आधीच पदरी असेल, तर डांबरी रस्त्यावर हब सोडलेले ठेवा, आडवा उतार टाळा आणि चावी दुसऱ्याला देताना हे सांगितल्याशिवाय देऊ नका. वेल्ड केलेले गिअर पुन्हा सुटे होत नाहीत. मला कॅरिअरसकट सगळं नवं घालावं लागलं. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे गेले.

भाच्याचा हात बसला. आता पुष्कळदा तोच जीप चालवतो. नाला आला की थांबतो आणि मी काठी घेऊन पुढे पायी उतरतो. जमीन किती मऊ, उतार कोणीकडे, वळायला जागा किती, हे बघून हात वर करतो. तोवर तो गिअर टाकत नाही.