नोकरी सांभाळून फोटोग्राफीचा कोर्स शोधण्याची कृती

साहित्य: भिंतीवरचं कॅलेंडर, पेन्सिल, फोन आणि तुम्ही स्वतः काढलेले वीस फोटो. पंधरा दिवसांत काम होतं. चला, बसा टेबलाशी.

१. कशासाठी शिकायचंय, ते एका वाक्यात लिहा. ‘रविवारी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात’, ‘बहिणीच्या दागिन्यांचे फोटो काढायचेत’, असं नेमकं. ‘आवड आहे’ एवढंच लिहिलंत, तर पुढे प्रत्येक कोर्स आपल्यासाठीच आहे असं वाटेल.

२. कॅलेंडरवर मोकळे तास पेन्सिलीने रंगवा. प्रवास धरूनच रंगवा हं! साडेसहाला ऑफिस सुटतं आणि वर्ग सातला भरतो, पण मध्ये अंधेरी ते चर्चगेट असेल, तर तो तास तुमचा नाही.

३. गृहपाठासाठी आठवड्यातली एक सकाळ वेगळी राखा. कोवळं ऊन रात्री दहानंतर मिळत नाही, आणि नोकरदारांचा कोर्स सुटतो तो बहुतेक इथेच.

४. खर्चाचा आकडा ठरवा. फीबरोबर प्रिंट, प्रवास, बाहेरगावची शूटिंगही धरा. कॅमेरा मात्र आत्ता घेऊ नका. दुकानदार ऑफर संपतेय म्हणेल, म्हणू दे.

५. वीस फोटोंच्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंट काढून घ्या. फोनच्या पडद्यावर सगळंच झळझळीत दिसतं. कागदावर मात्र उजेडाकडे पाठ केलेल्या आजीचा काळवंडलेला चेहरा लपत नाही, समुद्राची कललेली रेघही नाही.

६. प्रत्येक प्रिंटच्या मागे आपली अडचण लिहा. ‘चेहरा काळा का आला?’ इतकं साधं चालेल. हे प्रश्न आठव्या पायरीला लागणार आहेत, प्रिंट हरवू नका.

७. तीन संस्थांची यादी करा. मुंबईत असाल तर फोर्टमधली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आणि सेंट झेवियर्सच्या आवारातलं झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स इथे अर्धवेळ वर्गांची चौकशी करा. पुण्याच्या एफटीआयआयचे छोटे कोर्स पाहा. त्यातले बरेचसे सलग दिवसांचे असतात, म्हणजे रजेचा हिशेब आधी. अहमदाबादची एनआयडी किंवा उटीची लाइट अँड लाइफ अकॅडमी ही नावं तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. तिथलं मोठं शिक्षण पूर्णवेळ असतं. नोकरी सोडणार नसाल तर ती नावं यादीत घालून स्वतःला हळहळायला लावू नका.

८. चालू असलेल्या वर्गात एक तास बसायची परवानगी मागा आणि जाऊन बसा. ही पायरी अजिबात गाळू नका, सगळा निकाल इथेच लागतो. डेमो लेक्चर वेगळं. ते सजवलेलं असतं. तुम्हाला बघायचाय नेहमीचा, बुधवारचा वर्ग. मागच्या बाकावर बसा आणि एकच गोष्ट पाहा: विद्यार्थ्यांचे फोटो समोर लावून शिक्षक त्यावर बोलतात का? ‘छान आहे’ म्हणून पुढे जातात, की ‘शटर एक साठांशवर ठेवलंस, म्हणून धावणारं पोर पुसट आलं, पाचशेवर ने’ असं बोट ठेवून सांगतात? ॲपर्चर म्हणजे काय हे मोबाईलवर फुकट कळतं. तुमच्या फोटोत काय बिघडलं, हे दर आठवड्याला सांगणारं माणूस मिळावं, फी त्यासाठी मोजायची. वर्ग सुटल्यावर पाठीमागे प्रश्न लिहिलेल्या दोन प्रिंट शिक्षकांपुढे ठेवा. मी पहिल्यांदा एका ठिकाणी हे न करता पैसे भरले. चार महिने स्लाइड पाहिल्या, माझा एकही फोटो कोणी पाहिला नाही. तुमचं तसं होऊ नये.

९. जाता जाता एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला पहिल्या आणि शेवटच्या महिन्यातले फोटो दाखवायला सांगा. दोन्हींत फरक दिसला पाहिजे. संस्थेने भिंतीवर लावलेले फोटो पाहून भुलू नका, ते निवडक असतात.

१०. संस्थेच्या ऑफिसमध्ये हे लेखी विचारा: वर्ग चुकला तर तो भरून मिळतो का, एका बॅचला किती जण, सरावाला स्टुडिओ आणि लाइट किती तास मिळतात, फी जीएसटी धरून की सोडून. महिनाअखेरीला तुमचं काम वाढतंच, त्यामुळे पहिला प्रश्न विसरू नका. उत्तर तोंडी मिळालं तर ईमेलवर मागून घ्या.

११. ‘डिप्लोमा विद्यापीठाचा आहे’ असं सांगितलं, तर त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव शोधा. माहितीपत्रकावरच्या शिक्क्यावर विसंबू नका. स्वतःचाच व्यवसाय करणार असाल, तर ही पायरी सोडलीत तरी चालेल; गिऱ्हाईक प्रमाणपत्र नाही, अल्बम मागतं.

१२. पैसे परत मिळण्याचा नियम वाचून फक्त पहिला हप्ता भरा. एकरकमी सवलतीला भुलून सगळे भरलेत आणि मध्येच बदली झाली, तर वसुलीला फेऱ्या माराव्या लागतील.

१३. पावती हातात आली की वर्गाचे वार साहेबांना कळवा. आयत्या वेळी सांगितलंत, तर नेमकी त्याच संध्याकाळी मीटिंग ठरेल.

१४. पहिल्या वर्गासाठी कॅमेरा उसना किंवा भाड्याने आणा. मॅन्युअल मोड आहे ना, तेवढं तपासा. विकत कोणता घ्यायचा, ते महिन्याभरात शिक्षकच सांगतील.

१५. आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावा आणि कार्ड कॅमेऱ्यात आहे का ते झाकण उघडून बघा. ते बहुधा लॅपटॉपलाच राहिलेलं असतं.