चाचणीआधी पाटी कोरी हवी

परीक्षानळी न धुता दुसरा प्रयोग केलात, तर निष्कर्षावर विश्वास ठेवाल का? संकेतस्थळांच्या स्वयंचलित चाचण्यांचेही तसेच आहे. ब्राउझर आपल्याजवळ खुणा साठवतो. लू माँटुली यांनी १९९४ साली योजलेली ‘कुकी’ ही एक. ‘लोकल स्टोरेज’ ही दुसरी. समजा, पहिल्या चाचणीत परवलीचा शब्द दिल्याची खूण तशीच राहिली. दुसरी चाचणी पाहते, की शब्दावाचून आत जाता येते का. आणि दार उघडेच सापडते! दोष संकेतस्थळाचा नव्हे, उरलेल्या खुणेचा. केवळ कुकी पुसून लोकल स्टोरेज पुसले जात नाही. म्हणून ‘प्लेराइट’ हे साधन प्रत्येक चाचणीला नवी, कोरी जागा देते. आता सांगा पाहू, चाचण्यांचा क्रम उलटताच निकाल बदलला, तर कशाचा संशय घ्याल?