४.३ भूकंपानंतरचे घर : किल्लारीचा अभ्यास

मागील उपघटकात आपण घरासंबंधीचे शब्द आणि लोकजीवन यांचा संबंध पाहिला. आता तेच घर कोसळल्यावर काय होते, ते पाहू.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) सीमेवरील गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी ही गावे मातीस मिळाली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. १९६७ च्या कोयना भूकंपाची तीव्रता जवळपास एवढीच होती. मृत्यू मात्र दोनशेच्या आत. मग किल्लारीत एवढा संहार का?

उत्तर 'माळवद' या शब्दात आहे. कमी पावसाच्या प्रदेशातील हे सपाट मातीचे छप्पर. उन्हाळ्यात गारवा देई, रात्री अंथरूण टाकायला उपयोगी पडे. गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती चढे आणि पिढ्यान्‌पिढ्या भार वाढे. खालच्या भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या, हात-दोन हात रुंद. परंतु त्यांचे आतले व बाहेरचे थर एकमेकांस बांधलेले नसत. धक्का बसताच थर सुटले आणि माती अंगावर आली. ज्या जाडीत माणसाला सुरक्षितता वाटे, तिनेच जीव घेतला. विशेष म्हणजे, कित्येक ठिकाणी छप्पर तोलणारे लाकडी खांब उभेच राहिले. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता, हेही ध्यानात घ्यावे.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. येथे भाषेकडे लक्ष द्या. शासकीय कागदात 'घर' नाही, 'चौरस फूट' आहे. भूमिहीन व अल्पभूधारकास २५०, सात हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास ४००, त्याहून अधिक असल्यास ७५० चौरस फूट. जमिनीची उतरंड अशा रीतीने भिंतींतही उतरली. गल्ली, बोळ, पार यांच्या जागी सरळ रेषेतील रुंद रस्ते आले. घरे भक्कम होती, हे मान्य करावेच लागेल. परंतु ओसरीवर बसून शेजारणीशी बोलण्याची सोय आराखड्यात नव्हती. लोकांनी ती स्वतःच केली : कोणी पत्रे टाकून पडवी काढली, कोणी अंगणाला कूड घातला. हे अतिक्रमण म्हणावे की घराची दुरुस्ती? प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरे.

ज्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त करण्यात आली, तेथे उपाय साधे होते : माळवदावरील माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड घालणे. कष्ट होते ते दगडाची भीती घालवण्याचे.

स्वाध्याय : मावळातील कुसगावसारख्या मुसळधार पावसाच्या गावात जुन्या घरांचे छप्पर उतरते व कौलारू का, याचा विचार करा. आपल्या परिसरातील एका वृद्ध व्यक्तीकडून जुन्या घराच्या भागांची नावे मिळवा. त्यांपैकी कोणते शब्द नव्या घरात टिकले आणि कोणत्या शब्दांना आता वस्तूच उरली नाही, ते सुमारे दोनशे शब्दांत लिहा.