शेवट ठाऊक असलेल्या पुस्तकावर तासभर काय बोलायचं?

प्रश्न : माझी नात पुण्यात नोकरी करते. सुट्टीत घरी आली की भाजी निवडता निवडता कानात इअरफोन घालून एकटीच हसत असते. विचारलं तर म्हणाली, पुस्तकांवरचा पॉडकास्ट ऐकतेय. मलाही ऐकवला. दोन अमेरिकन बायका एका प्रेमकादंबरीवर सव्वा तास बोलत होत्या! भुताखेतांच्या कादंबऱ्यांवरही असंच काही असतं म्हणे. आम्ही कॉलेजात असताना ‘मिल्स अँड बून’ दुपारी आणून संध्याकाळी परत करायचो. ज्या पुस्तकाचा शेवट पहिल्या पानावरच कळतो, त्यावर इतकं बोलण्यासारखं असतं तरी काय? आणि हे सगळं प्रकाशकच पैसे देऊन वदवून घेत नाहीत कशावरून?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शेवट सोडून उरलेलं सगळं बोलतात. शेवट ठरलेला असतो म्हणूनच इतकं बोलता येतं.

अमेरिकेतल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघटनेने प्रेमकादंबरीची व्याख्या दोनच अटींत बसवली होती : गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा हवी, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशादायक हवा. म्हणजे दोघं एकत्र येणार हे वाचकाला पुस्तक विकत घेतानाच कबूल केलेलं असतं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक असतं. तो बुवा रंगवतात कसं ते ऐकायला आलेला असतो. या पॉडकास्टवाल्यांचंही तेच. नायक-नायिकेचं वैर प्रेमात बदललं ते पटलं का? वादळी रात्री खाणावळीत एकच खोली, खोलीत एकच पलंग, हा हजारदा वापरलेला प्रसंग या लेखिकेने नवा कसा केला? पुस्तकाच्या शेवटच्या चतुर्थांशात दोघांची ताटातूट व्हायचीच असा रिवाज आहे. ती खरोखर कथेतून आली की लेखिकेने पानं भरली? चूक नायकाची असेल तर त्याने किती नाक घासायला हवं, यावर तर मंडळी हमरीतुमरीवर येतात. ही सगळी कारागिरीची चर्चा आहे. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात ती सहसा नसते, कारण तिथे पहिला परिच्छेद कथानक सांगण्यात जातो आणि दुसरा ‘हे साहित्य आहे का’ या काळजीत.

भयकादंबरीत सौदा उलटा. तिथे शेवटाची हमी कसलीच नाही, हमी फक्त भीतीची. त्यामुळे बोलणं वेगळ्या अंगाने जातं. राक्षस किती पानं लपवून ठेवायचा, घरात काहीतरी आहे हे कळल्यावरही माणसं घर सोडून का जात नाहीत, मोबाइल आल्यापासून लेखकाला दर वेळी ‘नेटवर्क नाही’ असं का लिहावं लागतं, वगैरे. ‘बुक्स इन द फ्रीझर’ नावाचा एक पॉडकास्ट आहे. ‘फ्रेंड्स’ मालिकेतला जोई ‘द शायनिंग’ वाचून इतका घाबरतो की पुस्तक फ्रीझरमध्ये कोंडून ठेवतो, त्यावरून हे नाव. पुस्तक किती भीतिदायक, हे सांगायच्या त्यांच्या पायऱ्याही तशाच : खोलीतलं तापमान, फ्रिज, फ्रीझर. विनोद वाटतो, पण वाचकाला हवी ती माहिती त्यात नेमकी मिळते. ‘एक महत्त्वाची कलाकृती’ या शब्दांत ती मिळत नाही.

आता जरा मागे जाऊ. या पुस्तकांवर लोक पूर्वी बोलत नव्हते असं नाही. बोलत होते, पण काउंटरवर. ‘मिल्स अँड बून’ ही कंपनी १९०८ साली जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी लंडनमध्ये काढली. सुरुवातीला ती सगळंच छापायची, अगदी जॅक लंडनसुद्धा. १९३०च्या दशकात ती प्रेमकादंबऱ्यांकडे वळली, कारण इंग्लंडभर तेव्हा दुकानांतून चालणारी छोटी भाडोत्री वाचनालयं होती आणि तिथे येणाऱ्या बायकांना ही पुस्तकं हवी असायची. बांधणी तपकिरी, म्हणून लेखिकेचं नावही न घेता ‘ती तपकिरी पुस्तकं’ मागितली जात. कुठली चांगली, कुठली रडकी, हे काउंटरपलीकडची बाई सांगायची. छापील परीक्षण या व्यवहारात कुठेच नव्हतं.

पुढे अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. मध्यपश्चिमेतल्या एका गावात पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक बाई आणि तिच्याकडून प्रेमकादंबऱ्या नेणाऱ्या गृहिणी, एवढंच त्या अभ्यासाचं क्षेत्र. गावाचं आणि बाईचं नाव रॅडवेंनी बदललं आहे. पुस्तकात ती डॉट म्हणून येते. ही डॉट दर महिन्याच्या पुस्तकांवर स्वतःचं पत्रक काढायची आणि तिच्या मताची दखल न्यूयॉर्कचे संपादकही घेत. मला विचाराल तर आजच्या पॉडकास्टची आजी तीच. फरक इतकाच की तिच्या काउंटरवर झालेलं बोलणं तिथेच विरून गेलं, आताचं ध्वनिमुद्रित होतं आणि मिरजेपर्यंत ऐकू येतं.

मधल्या काळात ‘रोमँटिक टाइम्स’ नावाचं मासिक होतं. १९८१ मध्ये सुरू झालं, प्रेमकादंबऱ्यांना तारे देऊन परीक्षणं छापायचं, २०१८ मध्ये बंद पडलं. मोठी वर्तमानपत्रं या बाबतीत सुस्तच. २०१७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक-पुरवणीने रॉबर्ट गॉटलीब या नामवंत, ज्येष्ठ संपादकाकडून प्रेमकादंबऱ्यांचा एकत्रित आढावा लिहून घेतला. त्यातला वडीलधाऱ्याने खांद्यावर थोपटल्यासारखा सूर वाचकांना इतका झोंबला की पुस्तकांपेक्षा लेखावरच जास्त बोललं गेलं. पाहुण्याने येऊन आपल्या घराची पाहणी करावी, हे कुणाला आवडणार? घरातल्यांनी मग स्वतःच बोलायला घेतलं.

पुढच्याच वर्षी सारा मॅक्लीन ही लेखिका आणि जेन प्रोकॉप ही समीक्षक यांनी ‘फेटेड मेट्स’ हा पॉडकास्ट सुरू केला. पहिल्या हंगामात त्यांनी क्रेस्ली कोल यांची पिशाच्च-प्रेमकथांची एक लांबलचक मालिका एकेक पुस्तक घेऊन वाचली. तुमच्या नातीने ऐकवला तो हाच होता की दुसरा, मला माहीत नाही, पण सव्वा तास म्हणालात म्हणून शंका येते. या पॉडकास्टचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे जुन्या लेखिका-संपादिकांच्या दीर्घ मुलाखती. त्यात व्हिव्हियन स्टीफन्स भेटतात. १९८०च्या सुमाराला त्या ‘डेल’ प्रकाशनात संपादिका होत्या. ‘कँडललाइट एक्स्टसी’ ही माला त्यांनी काढली आणि लाजाळू इंग्लिश नर्स आणि करारी डॉक्टर या ठरावीक जोडीच्या जागी नोकरी करणाऱ्या, शरीराची ओढ न लपवणाऱ्या अमेरिकन नायिका आणल्या. त्या स्वतः कृष्णवर्णीय. एल्सी वॉशिंग्टन या पत्रकार बाईंनी रोझलिंड वेल्स या टोपणनावाने लिहिलेली ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ ही कृष्णवर्णीय नायक-नायिकेची कादंबरी त्यांनीच १९८० मध्ये छापली. सुरुवातीला जिची व्याख्या सांगितली ती लेखकसंघटनाही त्याच वर्षी स्टीफन्स यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. पुढे ती वंशभेदाच्या वादांत सापडली आणि २०२४ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. हा सगळा इतिहास विद्यापीठांनी फारसा लिहून ठेवलेला नाही. ज्या पुस्तकांचं आयुष्य रॅकवर महिनाभराचं, त्यांचं दप्तर कोण ठेवणार? ज्यांनी ती घडवली त्या बायका आज वृद्ध आहेत. मायक्रोफोन घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसणं, याला मी करमणूक म्हणणार नाही.

भयकथांचं दप्तर असंच हरवलेलं होतं. ‘रोझमेरीज बेबी’ (१९६७), ‘द एक्झॉर्सिस्ट’ आणि ‘द अदर’ (दोन्ही १९७१) या तीन कादंबऱ्या तुफान खपल्या आणि पुढची वीसेक वर्षं अमेरिकन प्रकाशकांनी स्वस्त पेपरबॅकांत भुतं, सैतानी मुलं, माणसं खाणारी झुरळं यांचा पूर आणला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजार कोसळला. मग तशीच पुस्तकं ‘थ्रिलर’ म्हणून विकली जाऊ लागली आणि जुनी रद्दीत गेली. ग्रेडी हेंड्रिक्स या कादंबरीकाराने ती रद्दी उपसून २०१७ मध्ये ‘पेपरबॅक्स फ्रॉम हेल’ हे सचित्र पुस्तक काढलं. त्यातून जोन सॅमसन यांची ‘द ऑक्शनीअर’ पुन्हा वर आली. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकरी गावात एक लिलाववाला येतो. गावच्या पोलिसांसाठी निधी हवा म्हणून आधी घरातली अडगळ मागतो, मग चांगलं फर्निचर, मग गुरं, आणि मग जे मागतो ते इथे सांगत नाही. भूत नाही, पिशाच्च नाही, नुसतं ‘नाही’ म्हणता न येणं. कादंबरी १९७५ मध्ये आली, पुढच्याच वर्षी सॅमसन कर्करोगाने गेल्या. त्यांची ही एकुलती एक कादंबरी. ती विसरली गेली आणि पुष्कळ वर्षांनी ‘व्हॅलनकोर्ट बुक्स’ या छोट्या प्रकाशनाने पुन्हा छापली. आज भयकथांच्या पॉडकास्टांवर हिचं नाव आदराने घेतात. हे वाचक नसते तर हे पुस्तक तुमच्या-माझ्यापर्यंत आलंच नसतं.

पैशांचा प्रश्न रास्त आहे. मिळकत जाहिरातींची आणि दरमहा वर्गणी देणाऱ्या श्रोत्यांची. प्रकाशक नव्या पुस्तकांच्या प्रती आगाऊ, फुकट पाठवतात, ते खरं. पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली तर तसं श्रोत्यांना सांगावं, असा अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा दंडक आहे. पण मला पैशापेक्षा मैत्रीची भीती जास्त वाटते. नील मॅकरॉबर्ट यांचा ‘टॉकिंग स्केअर्ड’ घ्या. भयकथालेखकांच्या मुलाखती घेणारा उत्तम कार्यक्रम, प्रश्न अभ्यासाचे. पण लेखक समोर बसलेला असताना ‘तुमचा शेवट फसला’ असं कोण म्हणेल? पाहुणा आला की मतं मवाळ होतात. म्हणून मी साधा नियम पाळतो : लेखक हजर नसलेला भाग आधी ऐकावा. लेखक हयातच नसेल तर फारच छान. केम्पर डोनोव्हन आणि कॅथरिन ब्रोबेक यांनी ‘ऑल अबाउट अगाथा’मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या ६६ कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमाने घेतल्या आणि कथानकाची बांधणी, पात्रं, वातावरण यांना गुण देत क्रमवारी लावली. त्या काळचा वंशद्वेष दिसला की गुण कापायचे. ख्रिस्तीबाई स्टुडिओत येणार नव्हत्या, त्यामुळे निर्धास्तपणे कापले. ब्रोबेक २०२१च्या अखेरीस अकाली गेल्या. डोनोव्हन यांनी काम पुढे नेलं.

आणि हो, सगळंच ऐकण्याजोगं असतं असं समजू नका. बरेचसे पॉडकास्ट म्हणजे दोन मैत्रिणींची खी-खी, वीस मिनिटं कुत्र्याच्या आजारपणाची, मग गादीची जाहिरात, आणि पुस्तक शेवटी तोंडी लावायला.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच. चंद्रकांत काकोडकरांची पुस्तकं वाचनालयांत हातोहात फिरत. ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा गाजलेला हिंदी चित्रपट निघाला. तरी काकोडकरांचं सर्वांत बारकाईचं वाचन कुठे झालं असेल, तर ते सर्वोच्च न्यायालयात. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला होता, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कथेत काय आहे, कसं आहे, कुणावर काय परिणाम होईल, याचा विचार न्यायमूर्तींना करावा लागला. समीक्षकांनी तो केला नव्हता. भयकथालेखक नारायण धारपांचं तसंच. ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट आल्यावर त्यांच्या ‘आजी’ कथेचं नाव नव्या पोरांच्या तोंडी आलं. पण स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ त्यांनी ‘लुचाई’त आणि ‘इट’ ‘शपथ’मध्ये कशी आणली, मूळचं काय ठेवलं, काय टाकलं, अमेरिकन गावाचं मराठी गाव होताना भीतीची जात बदलली का, यावर दोन जाणत्या वाचकांनी प्रत्येक पुस्तकाला तासभर द्यावा. मी वर्गणी भरायला तयार आहे.

सुरुवात करायची तर ‘फेटेड मेट्स’मधली व्हिव्हियन स्टीफन्स यांची मुलाखत ऐका, तिला आधी काही वाचलेलं असावं लागत नाही. उच्चार भराभर वाटले तर ॲपमध्ये वेग कमी करता येतो. प्रेमकादंबरीवरचा कुठलाही भाग पुस्तक न वाचता लावला तरी चालतं. ख्रिस्तीच्या बाबतीत मात्र आधी पुस्तक संपवा. खुनी कोण, हे ‘ऑल अबाउट अगाथा’च्या भागांत बिनदिक्कत सांगून टाकलेलं असतं.