सरस शिजवावा, उकळू नये



इटलीतील क्रेमोना या गावी अंतोनिओ स्ट्रॅडिव्हरी या कारागिराने बनवलेली व्हायोलिने आजही मैफलींत वाजवली जातात. स्ट्रॅडिव्हरी १७३७ साली वारला. पुढे एकोणिसाव्या शतकात यांपैकी बहुतेक व्हायोलिनांच्या माना बदलून लांब करण्यात आल्या आणि पोटातली आधाराची पट्टीही बदलून अधिक भक्कम घालण्यात आली. आता विचार करा. ही पट्टी वरच्या फळीला आतून चिकटवलेली असते. तिच्यापर्यंत पोचायचे तर सबंध फळी उचलावी लागते. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची ती फळी न फुटता सुटली कशी?

याचे उत्तर फळीच्या कडेला लावलेल्या सरसात आहे.

सरस आणि डिंक यांत गल्लत करू नका. डिंक झाडाचा आणि कर्बोदकाचा. सरस जनावराच्या कातडीचा आणि प्रथिनाचा. कातडीत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. त्याच्या रेणूत तीन लांब साखळ्या दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती वळलेल्या असतात. ही तिपेडी रचना मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मांडली. कातडी पाण्यात तापवली की पेड सुटतात आणि साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात. द्रावण निवले की त्या जागोजागी पुन्हा एकमेकींत गुंततात आणि पाणी त्या जाळ्यात अडकून पडते. द्रावणाची जेली होते ती अशी. जेली सुकली की कठीण होते. ओलावा आणि ऊब मिळाली की पुन्हा सैल पडते. म्हणूनच पातळ, किंचित गरम सुरी आणि थोडे पाणी एवढ्यावर कारागीर सांधा उघडू शकतो. सुताराच्या पांढऱ्या संश्लेषित गोंदाला हे जमत नाही. शिवाय त्या गोंदाचा थर लाकडावर राहिला, तर त्यावर नवा सरस धड चिकटत नाही.

सरस तयार करताना एक भाग दाणेदार सरसाला वजनाने दोन भाग थंड पाणी घ्या. दाणे तासाभरात फुगतात. सरसाच्या वड्या असतील तर रात्रभर भिजत ठेवाव्या लागतात. मग ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. प्रयोगशाळेतील जलऊष्मक असेल तर उत्तमच. सरसाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास राहू द्या आणि थर्मामीटर सरसातच बुडवा, बाहेरच्या पाण्यात नव्हे. कुंचला उचलल्यावर पातळ मधासारखी अखंड धार लागली म्हणजे सरस बरोबर झाला. व्हायोलिनाच्या वरच्या फळीसाठी कारागीर तो मुद्दाम आणखी पातळ करतात, कारण ती फळी कधीतरी पुन्हा काढावी लागणार हे त्यांना ठाऊक असते.

पण पाणी घालून सरस सौम्य करणे वेगळे आणि उकळून तो निकामी करणे वेगळे. पाण्याच्या योगाने प्रथिनाच्या साखळ्या तुटत असतात, आणि तापमान वाढेल तसा हा वेग वाढतो. आखूड झालेल्या साखळ्या नीट गुंतत नाहीत. असा सरस लावताना चांगला दिसतो. सांधा मात्र तारांच्या ताणाने दगा देतो. तोच सरस रोज तापवत राहिल्यानेही हेच हळूहळू घडते.

लावताना हात चपळ हवा. सुमारे ३५ अंशांखाली सरस गोठू लागतो, म्हणून थंडीत लाकूड आधी कोमट करून घेतात. विदर्भात मे महिन्यात गंमत उलटी! तिथे हवाच चाळिशीच्या पुढे, तेव्हा सरस लवकर गोठत नाही आणि सांधा अधिक वेळ आवळून ठेवावा लागतो.

कोरडे दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षानुवर्षे टिकतात. भिजवलेल्या सरसाचे तसे नाही. प्रथिन आणि पाणी म्हणजे जिवाणूंना मेजवानीच. पावसाळ्यात बाहेर राहिलेल्या सरसाला दुसऱ्याच दिवशी वास येऊ लागतो. तयार सरस झाकून शीतकपाटात ठेवल्यास आठवडाभर चालतो, बर्फाच्या कप्प्यात काही महिने. त्याचे लहान तुकडे करून ठेवा आणि लागेल तेवढाच तापवा. निवल्यावर गोठत नसेल, तर तो फेकून द्या.

शिक्षकांच्या देखरेखीखाली हे करून पाहा. सारखाच सरस दोन काचपात्रांत घ्या. पहिले पाव तास ६० अंशांवर, दुसरे तीन तास उकळत्या पाण्यात ठेवा. वाफेने घटलेले पाणी वजन करून भरून काढा, नाहीतर तुलना चुकेल. दोन्हींतून एकेक सांधा चिकटवा. उरलेला सरस रात्रभर शीतकपाटात ठेवून सकाळी बोटाने दाबून पाहा. सांधे दोन दिवस सुकू द्या, मग टांगलेल्या डब्यात थोडी थोडी वाळू घालत जा आणि कोणता सांधा किती वजनाला सुटतो ते लिहून ठेवा. पात्रांवर आणि सांध्यांवर खुणा करायला मात्र विसरू नका.