क्यूबाचा दान्सोन

अमेरिका खंडाजवळच्या समुद्रात क्यूबा नावाचे एक लांबट बेट आहे. तेथे ऊस चांगला पिकतो. पूर्वी या बेटावर स्पेन देशाचे राज्य होते. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून माणसे धरून आणीत आणि गुरांसारखी विकीत. अशा त्या बेटावर एक नाच जन्मला. त्याचे नाव दान्सोन. स्पॅनिश भाषेत 'दान्सा' म्हणजे नाच आणि 'दान्सोन' म्हणजे थोरला नाच.

हा नाच कोणा एकाच्या डोक्यातून निघाला नाही. युरोपातले लोक समोरासमोर रांगा करून नाचत. तो रिवाज क्यूबात गेला. शेजारच्या हैतीत १७९१ साली गुलामांनी बंड केले. तेव्हा तेथून पळालेल्या फ्रेंच लोकांनीही तो आपल्याबरोबर आणला. पण क्यूबात वाद्ये वाजवणारे पुष्कळसे आफ्रिकी वंशाचे होते. त्यांनी चाल गोऱ्यांची ठेवली, पण खाली ठेका धरला आपला!

तो ठेका हातांनी वाजवून पाहू या. सारख्या गतीने आठपर्यंत मोजा. १, ३, ४, ६ आणि ७ या आकड्यांवर टाळी द्या. पुन्हा आठ मोजा. आता १, ३, ५ आणि ७ वर टाळी द्या. म्हणजे आधी पाच टाळ्या, मग चार सरळ टाळ्या. पहिल्या खेपेला हात चुकेल. चुकू द्या! चार वेळा केलंत की आपोआप जमेल. दान्सोनचा जीव या ठेक्यात आहे.

क्यूबात मातान्सास नावाचे बंदराचे शहर आहे. तेथे मिगेल फाइल्दे हा वादक राहत असे. त्याचा बाप स्पॅनिश होता आणि आई मिश्र वर्णाची. तो कॉर्नेट, म्हणजे एक पितळी वाद्य, वाजवी. १ जानेवारी १८७९ रोजी त्याने तेथील प्रतिष्ठितांच्या क्लबात आपली एक रचना वाजवली. शहरातल्या एका वस्तीचे नाव त्याने तिला दिले होते. हाच पहिला दान्सोन मानतात. त्या वेळी क्यूबात गुलामगिरी चालू होती; ती १८८६ साली बंद झाली. गोऱ्यांच्या क्लबात काळ्या माणसाने वाजवलेले चाले, पण तेथे नाचण्याची त्याला मुभा नसे.

फाइल्देच्या ताफ्यात कॉर्नेट, क्लॅरिओनेट, फिडल आणि दोन लहान नगारे असत. शिवाय ग्विरो असे. ग्विरो म्हणजे खाचा पाडलेला वाळका भोपळा. त्यावर काडी घासली की खर्र-खर्र आवाज निघतो.

दान्सोनची मांडणी सोपी आहे. आरंभी एक धून वाजते. त्या वेळी कोणी नाचत नाही. जोडपी उभी राहतात, बोलतात, बायका पंख्याने वारा घेतात. मग क्लॅरिओनेटचा भाग येतो आणि नाच सुरू होतो. पावले लहान आणि संथ असतात. पुन्हा पहिली धून येते, पुन्हा विसावा. मग फिडलचा भाग येतो. उष्ण देशातला नाच तो. मध्ये दम घ्यायला नको का?

जोडपी जवळ येऊन नाचतात आणि ठेका आफ्रिकेचा आहे, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. वर्तमानपत्रांतून टीका झाली. पण लोक नाचतच राहिले. पुढे १९१० साली होसे उर्फे याने शेवटी एक जलद भाग जोडला. पुढच्या काळात पितळी वाद्ये मागे पडली आणि बासरी व पियानो आले. १९३८ साली ओरेस्तेस लोपेस याने 'माम्बो' नावाचा दान्सोन रचला. १९५० नंतर एन्रिके होरिन याने दान्सोनपासूनच चा-चा-चा काढला. मेक्सिकोतही दान्सोन रुजला. तेथील वेराक्रूस शहराच्या चौकात वयस्क जोडपी आजही तो नाचतात.

ज्या नाचाला हलका म्हटले, त्यालाच क्यूबाचे लोक पुढे राष्ट्रीय नृत्य म्हणू लागले. टीका करणारे गेले. भोपळ्याची खरखर मात्र राहिली.

प्रश्न
१. दान्सोनमध्ये पहिली धून वाजताना जोडपी काय करतात?
२. ग्विरो कशाचा करतात?
३. पाच टाळ्या कोणत्या आकड्यांवर येतात? वाजवून दाखवा.
४. लोकांनी या नाचाला नाके का मुरडली? तुम्हांला काय वाटते, ते दोन ओळींत लिहा.